भाचीचे पाय धरण्याविषयी

गोंदिया, जि. भंडारा
९ ऑक्टोबर १९५८

त्र्यंबकराव साठे यांस श्यामलाल पुराणिकाचा नमस्कार.

आपली भाची निर्मला आणि माझा मुलगा हिरालाल यांचे लग्न माघात करावे, आणि तेही गोंदियात करावे, याला आपली संमती आल्याचे वाचून घरात आनंद झाला. लग्न मुलीच्या घरी व्हावे हे खरे. पण पुण्याहून चार माणसांनी येणे हे इकडून दोनशे माणसांनी जाण्यापेक्षा बरे, हा आपला विचार आमच्या सावित्रीबाईंनाही पटला. त्यांना माझा एकही विचार गेल्या सव्वीस वर्षांत पटलेला नाही, तेव्हा हे यश लहान समजू नये.

आपली गाठ पडलेली नाही, म्हणून माझी थोडी ओळख देतो. इथल्या एका हायस्कुलात मी पंचवीस वर्षे संस्कृत शिकवतो. शहराला लागून मुर्री नावाचे गाव आहे, तिथे आमची धानाची शेती आहे. सकाळी पोरांना विभक्ती शिकवायची आणि संध्याकाळी गोऱ्ह्यांना जू शिकवायचे. दोन्हीकडची प्रगती साधारण सारखी आहे. हिरालाल धानाच्या गिरणीत देखरेखीला असतो. निर्मला गेल्या साली मुलींच्या शाळेत शिक्षिका होऊन आली, तेव्हा शाळेच्या जेवणाला गिरणीतून तांदूळ गेला होता. आपल्या भाचीने मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन, हा यंदाचा आहे, मी जुना मागितला होता, असे सांगून पोते परत पाठवले. पुण्याची मुलगी तांदळाचे वय ओळखते हे पाहून आमचा मुलगा गारद झाला. नंतर जुना तांदूळ घेऊन तो स्वतः गेला. त्यानंतर शाळेला तांदळाची गरज फार वारंवार पडू लागली.

इकडच्या एकदोन गोष्टी आपणास आधी ठाऊक असाव्यात. भात हा आमच्याकडे पदार्थ नसून वेळ आहे. सकाळचा भात, दुपारचा भात आणि रात्रीचा भात. पोळी मागितल्यास मिळेल, पण आपली प्रकृती बरी नाही असे समजून चार बायका विचारपूस करायला येतील. दुसरी गोष्ट अगदी किरकोळ. मांडवात मामाने भाचीचे पाय धुऊन तिच्या पाया पडायचे असते. इकडे मामा भाच्या-भाचींच्या पाया पडतो. त्यांनी मामाच्या पडायचे नसते. हे आपणास ठाऊक असेलच.

आपला
श्यामलाल गोवर्धन पुराणिक

———

पुणे
१७ ऑक्टोबर १९५८

श्यामलालजी यांस नमस्कार.

ठाऊक नव्हते.

आपले पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसून घेतला. मी सरकारी कचेरीत एकतीस वर्षे हेडक्लार्क होतो. मजकुरातली चूक आणि मजकूरच चूक यांतला फरक मला कळतो. आपण बहुधा उलटे लिहून गेलात. भाचीने मामाच्या पाया पडायचे असते. हे केवळ पुण्यात नव्हे, तर जिथे जिथे मराठी माणूस आहे तिथे तिथे चालते. आपणाकडे चालत नसेल, तर त्याचे कारण काय असावे याचा विचार मी करू इच्छित नाही.

स्पष्ट लिहितो, राग नसावा. श्यामलाल, हिरालाल ही नावे प्रथम ऐकली तेव्हा निर्मला कुठल्या परप्रांतीय पेढीवाल्याच्या घरात पडते आहे असा आमच्या घरात समज झाला होता. आडनाव पुराणिक ऐकून जीव भांड्यात पडला. माणसे आपलीच आहेत, फक्त फार दिवस अरण्यात राहिली आहेत, अशी मी पत्नीची समजूत घातली. भाताचेही आम्ही सोसू. येताना चार दिवसांच्या दशम्या बरोबर आणू. परंतु अरण्यात राहून जे काही अंगाला चिकटते, ते लग्नासारख्या वेळी झटकून टाकावे, असे मला वाटते. आपण संस्कृतज्ञ आहात. आपणास अधिक सांगणे नलगे.

त्र्यंबक नरहर साठे

———

गोंदिया
२६ ऑक्टोबर १९५८

त्र्यंबकराव यांस अरण्यातून नमस्कार.

मजकूर उलटा लिहिलेला नाही. आमचे घराणे नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात साताऱ्याकडून इकडे आले. आले तेव्हा तुमच्यासारखेच होते, म्हणजे दशम्या घेऊन आले होते. दशम्या संपल्यावर भात पत्करला. शेजारी पोवार, गोंड, छत्तीसगढहून आलेली माणसे, बाजारात मारवाडी. त्यांच्यापासून नावे घेतली, बोलणे घेतले, आणि भाच्याच्या पाया पडणे घेतले. लोक असे सांगतात की, कौसल्यामाता आमच्या पूर्वेकडच्या मुलखातली लेक. म्हणून रामचंद्र या मुलखाचा भाचा, आणि म्हणून प्रत्येक भाचा हा थोडाथोडा रामचंद्र. माझ्या वर्गातले काही भाचे पाहिल्यावर हे पटणे अवघड जाते, पण रिवाज गुण पाहून करायचा नसतो.

आता आपल्याच घरची गोष्ट घेऊ. लग्नात आपण जावयाचे पाय धुता की नाही? कालपर्यंत तो तिऱ्हाईत असतो. नवरात्रात शेजारची आठ वर्षांची पोर आणून पाटावर बसवता आणि तिचे पाय धुता. आदल्या दिवशी तिनेच आपल्या खिडकीची काच फोडलेली असते. म्हणजे परक्याचा मुलगा चालतो, शेजाऱ्याची मुलगी चालते. जिच्या छातीला आपण हिवाळ्यात तेल चोळले असे ती सांगते, तिचेच तेवढे पाय वर्ज्य. या भेदाला शास्त्राधार असल्यास कळवावा. माझ्या अल्प वाचनात आला नाही.

विहिरीतल्या बेडकाचा दृष्टांत आपणास ठाऊक आहे. तो मी देत नाही. पुण्याची विहीर मोठी आहे एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

आपला
श्यामलाल

———

पुणे
८ नोव्हेंबर १९५८

श्यामलालजी यांस,

विहिरीचा मजकूर वाचला. पुण्याला कालवाही आहे.

आमच्या आळीत एक वृद्ध वैदिक राहतात. त्यांना जाऊन विचारले. ते म्हणाले, मामाने भाचीच्या पाया पडू नये असे कोठे लिहिलेले नाही, कारण असे कोणी करील हे लिहिणाऱ्याला सुचलेच नव्हते. यावर आपण काहीतरी चतुर उत्तर द्याल. म्हणून शास्त्र बाजूला ठेवतो.

निर्मलेची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, गेली तेव्हा ही पाच वर्षांची होती. बाप आधीच गेला होता. मी तिला घेऊन आलो. तेव्हा माझे लग्न झालेले नव्हते, आणि मला चहासुद्धा करता येत नव्हता. तेव्हापासून वीस वर्षे, प्रत्येक परीक्षेला आणि प्रत्येक सणाला ती माझ्या पाया पडत आली. प्रत्येक वेळी मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे तिला देण्यासारखे दुसरे फारसे काही नव्हते. आता परक्या गावात, दोनशे परक्या माणसांसमोर मी तिच्यापुढे वाकायचे म्हणजे त्या वीस वर्षांचा अर्थच उलटा होतो.

आपला आग्रह असेल तर मी येणार नाही. पत्नी येईल. अक्षता मी इथून मुहूर्तावर टाकीन.

त्र्यंबक साठे

———

गोंदिया
२० नोव्हेंबर १९५८

प्रिय मामा,

तुमची सगळी पत्रे श्यामलालकाकांनी मला वाचून दाखवली. कालव्याचा मजकूर त्यांना इतका आवडला की, तो त्यांनी शाळेतल्या हेडमास्तरांना, गिरणीतल्या गुलाबचंद शेठना आणि पोस्टमनला ऐकवला. शेवटचे पत्र मात्र त्यांनी अर्ध्यात थांबवून माझ्या हातात दिले.

मामा, अक्षता पुण्याहून टाकायचे बोलू नका. तुम्ही येणार नसाल तर मला माघातला मुहूर्त नको. हिरालालना मी तसे सांगितले आहे. ते म्हणाले, बरे. ते बहुतेक वेळा ‘बरे’च म्हणतात, पण दोन दिवस जेवले नाहीत.

तुम्ही माझ्या पाया पडायचे, या विचाराने मलाच कसेसे होते. पण इथे मामाने पाय धरले नाहीत तर लोक एकच अर्थ काढतात, की मामाने भाचीला टाकले. माझी मैत्रीण मंदाबाई मला हळूच विचारून गेली, काऊन वं, मामाचं न् तुझं वाकडं आहे काय? मी काय सांगू? की माझ्या मामाचे माझ्यावर इतके प्रेम आहे की तो येणार नाही?

आणखी एक, पण हे मी सांगितले असे म्हणू नका. काकांची बहीण वच्छलाआत्या चोरखमारा तलावाच्या बाजूला एका गावात राहते. तिचा मुलगा गोवर्धन तिथे शेती करतो. त्याने शामकला नावाच्या गोंड मुलीशी लग्न केले. तेव्हापासून पाच वर्षे काकांनी त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. सावित्रीकाकूंनी हे मला दार लावून घेऊन सांगितले.

तुमची
निमा

———

पुणे
२७ नोव्हेंबर १९५८

श्यामलालजी यांस,

ही हकीकत मला निर्मलेने कळवली असे मी म्हणत नाही.

चोरखमारा तलावाजवळ आपला सख्खा भाचा गोवर्धन राहतो. पाच वर्षांपूर्वी त्याने गोंड मुलीशी लग्न केले. पाच वर्षांत आपण त्याच्या पाया पडलेला नाहीत. आपल्या मुलखात जो मामा पाय धरीत नाही त्याने भाच्याला टाकले असे समजतात म्हणे. तर आपण त्याला टाकले आहे काय? की आपल्याकडे रामचंद्र सुद्धा बायको पाहून ठरतो?

आपल्या पूर्वजांनी गोंड शेजाऱ्यांकडून रिवाज घेतला, असे आपणच लिहिले आहे. रिवाज घेतला, सून घेतली नाही. हा भेद कोणत्या शास्त्रातला, ते कळवावे. माझे वाचन आपल्याहून अल्प आहे.

ज्या दिवशी आपण गोवर्धनचे पाय धरल्याचे मला कळेल, त्या दिवशी मी गोंदियाचे तिकीट काढीन. तोवर मुहूर्ताचे काय करायचे ते आपण पाहावे.

त्र्यंबक साठे

———

मुक्काम चोरखमारा तलावाजवळ
२९ डिसेंबर १९५८

त्र्यंबकराव,

उत्तराला महिना लागला, क्षमा असावी. पहिले तीन आठवडे उत्तर सुचत नव्हते. पंचवीस वर्षे मास्तरकी केल्यावर माणसाला आपण फक्त प्रश्न विचारायचे अशी सवय लागते. चौथ्या आठवड्यात उत्तर घडले, पण लिहिता येत नव्हते. हे पत्रही मी उताणा पडून लिहीत आहे. अक्षर वाकडे दिसेल. इतर सर्व सरळ होण्याच्या मार्गावर आहे.

घडले ते असे. आपले पत्र मी घरात कोणाला दाखवले नाही. तरी एके सकाळी सावित्रीबाईंनी माझी पिशवी भरून ओट्यावर ठेवली. मी विचारले, हे काय. त्या म्हणाल्या, "जाऊन राहिले ना तुम्ही वच्छलाकडे? मग जा." मी जाणार हे मला तेव्हा कळले.

वाटेत बैलगाडीत बसून मी एक उपाय योजला. पाय धरायचे ठरले होते, ते धरीन. पण जेवणाचे काय? गोंडाच्या लेकीच्या हातचे अन्न घशाखाली उतरेल असा भरवसा मला माझाच नव्हता. आपणास खरे लिहितो, कारण खोटे लिहिले तर आपण ओळखाल. तेव्हा मी ठरवले की, पोचताच आज माझा उपवास आहे असे सांगायचे. केळी पिशवीत होतीच.

वच्छला अंगणात धान वाळवत होती. मला पाहून ती रडली नाही आणि हसलीही नाही. खाट टाकून दिली. पाण्याचा तांब्या ठेवला. मी म्हणालो, जेवणाचं करू नकोस, आज माझी एकादशी आहे.

ती म्हणाली, "दादा, आज तं सातम आहे. तू तिकडं पंचांग शिकवतेस न् इकडं सातमीची ग्यारस कायले करून राहिला?"

मी केळ्यांची पिशवी पायाने खाटेखाली सरकवली. मामसासऱ्यासमोर सून येत नाही, म्हणून शामकला दाराआड उभी होती. फक्त बांगड्यांचा आवाज येत होता. ती आतून सासूला उद्देशून बोलली, पण ते मला ऐकू यावे इतक्या बेताने:

"आत्या, मामाले सांगा, लगन झालं तेव्हाच मी मामासाठी नवी हांडी आणून अलग ठेवली होती. मच्छी तिले कधी लागू देली नाही. पाच साल ठेवली. यंदा पोळ्याले मांजरीनं पाडली, फुटली. आता मामाले आमच्याच हांडीतलं खा लागते."

त्र्यंबकराव, मी तर्कशास्त्रही शिकलो आहे. मी एक महिना आधी आलो असतो तरी हांडी फुटलेलीच होती. पण एक वर्ष आधी आलो असतो तर माझे सोवळे, माझा मान आणि माझी केळी, सगळे शाबूत राहिले असते. पाच वर्षे ज्या मुलीने माझ्या अहंकारासाठी फळीवर जागा ठेवली, तिचे मी तोंडसुद्धा पाहिले नव्हते.

मी म्हणालो, वाढा.

भात, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि वांगे. घशाने काही हरकत घेतली नाही. दुसऱ्यांदा भात मीच मागितला. दाराआड बांगड्या थांबल्या, मग जरा जोरात वाजल्या.

जेवण होत होते तेवढ्यात गोवर्धन खळ्यावरून आला. डोक्यात धानाचे तणस, पायाला चिखल, हातात दोरी. मला पाहून तो दारातच थबकला. मी हात धुऊन उठलो आणि त्याच्या पाया पडलो. आपणास वाटेल भाच्याने संकोचाने पाय मागे घेतले असतील. मुळीच नाही. खांबासारखा उभा राहिला. म्हणाला, "नीट पडा मामा, पाच सालाचं आहे."

मी नीट पडलो, आणि तिथेच अडकलो. कंबरेत एक वीज चमकली, त्यानंतर मला वर येता येईना. वच्छलाला वाटले, दादाला फार गहिवर आला. गोवर्धनलाही तसेच वाटले. दोघे रडू लागले. मी खालून सांगत होतो की मला उचला, पण रडण्याच्या आवाजात माझे कोण ऐकतो. अखेर शामकलेनेच आतून ओरडून सांगितले की, मामाची कंबर गेली. तेव्हा रामचंद्रांनी मला उचलून खाटेवर ठेवले.

आज आठवा दिवस. शामकलेचे वडील बकाराम रोज येऊन कसलासा पाला गरम करून शेकतात. वैद्यकात त्या पाल्याचे नाव मला सापडलेले नाही; गुण मात्र येतो आहे. मी त्यांना नमस्कार म्हणतो, ते जोहार म्हणतात, मग आम्ही दोघेही तंबाखू मळतो. तिन्ही वेळा त्यांच्याच हांडीतला भात खातो आहे. उपवास केलेला नाही.

अट पुरी झाली. मुहूर्ताचे आता आपण पाहावे.

आपला
श्यामलाल

———

पुणे
६ जानेवारी १९५९

श्यामलालजी यांस,

तिकीट काढले. आम्ही चौघे मुहूर्ताच्या तीन दिवस आधी पोचू. दशम्या आणत नाही.

कंबरेला एरंडेल कोमट करून लावावे. आपली हकीकत वाचून मला हसू आले, आणि मग बराच वेळ आले नाही. मी रोज सकाळी दार लावून थोडे वाकून पाहतो आहे. परवा पत्नीने दार ढकलले आणि काय हरवले म्हणून विचारले. मी गुंडी म्हणून सांगितले. तेव्हापासून तीही रोज शोधू लागते.

गोवर्धन आणि त्याची पत्नी लग्नाला येणार आहेत की नाही, ते कळवावे. येणार नसतील तर मी तिकीट परत करीन.

त्र्यंबक साठे

———

गोंदिया
२६ फेब्रुवारी १९५९

त्र्यंबकराव यांस व्याह्याचा नमस्कार.

आपण सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. इकडे मांडव उतरला, पण मांडवातली चर्चा उतरलेली नाही. आपले डोके त्या वेळी खाली होते, त्यामुळे वरचा वृत्तांत आपणास दिसला नसेल. तो लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

आपण परात पुढे ओढून खाली बसलात, तेव्हा बायकांत अशी कुजबुज होती की, पुण्याचा मामा आता पळते. आपण पळाला नाहीत. पळाली ती निर्मला. आपण हात पुढे करताच तिने दोन्ही पाय शालूखाली ओढून घेतले आणि मान हलवून बसली. तीन महिने आपण नाही म्हणत होता. ऐन मुहूर्तावर ती विद्या तिच्यात उतरली. गुरुजींनी सांगितले, सावित्रीबाईंनी सांगितले, हिरालाल बरे एवढेच म्हणाला. मी संस्कृतात काही सांगितले, ते कोणी ऐकले नाही.

आपण खालून म्हणालात, "निमे, पाय पुढे कर. मी दोन रात्री गाडीत बसून आलोय." आपला आवाज हेडक्लार्कचा होता, म्हणून मंडपभर गेला. तरी ती हलेना. तेव्हा बायकांतून शामकला उठून आली. पदर ओढलेला, माझ्याकडे पाठ. तिने निर्मलेच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, देऊन दे पाय. मामाले नाही म्हटलं तं पाच पाच साल लागते मंग." माझ्यासाठीही ते होते हे मला कळले. घरातल्या सगळ्यांना कळले. निर्मला हसली, आणि तिने पाय पुढे केले.

आता माझा प्रश्न. आपण पाय धुतलेत, डोके टेकवलेत, ते फार वेळ उठलाच नाहीत. अंतरपाट धरणारे ताटकळले. आपलीही कंबर गेली असे समजून गोवर्धन उचलायला पुढे झाला होता. त्याला आता सराव आहे. मग आपण उठलात तर चालही ठीक होती. निर्मलेला विचारले तर ती म्हणते, मामांनाच विचारा. तेव्हा विचारतो. काय झाले होते?

आपला
श्यामलाल

———

पुणे
६ मार्च १९५९

श्यामलालजी यांस नमस्कार.

कंबर ठीक आहे.

निर्मला आमच्या घरी आली त्याच आठवड्यातली गोष्ट. तिच्या आंघोळीचे पाणी तापवावे म्हणून मी स्टो पेटवला. मला ती कामे येत नसत, हे मागे लिहिले आहे. पातेले उचलताना हातातून निसटले आणि आधण तिच्या डाव्या पायावर सांडले. ती रडली नाही. नव्या घरात रडायचे असते की नाही, हे तिला ठाऊक नव्हते. मी डॉक्टरकडे उचलून नेले. महिनाभरात पाय बरा झाला, ती चालू लागली, शाळेत गेली, आणि मी ते विसरलो. अगदी खरोखर विसरलो.

डाग अजून आहे. घोट्याच्या खाली, पांढरा, पानाएवढा. पाणी घालताना परातीत तो दिसला.

वीस वर्षे ती माझ्या पाया पडत होती. मी वरून तिचा भांग पाहत होतो. मुलगी वाढवली, नोकरीला लावली, आणि तिचे पाय मी पाहिलेच नव्हते. आपल्या लोकांनी ओढून खाली बसवले नसते, तर पुढेही पाहिले नसते.

मी तिला विचारले, अजून दुखते का. ती म्हणाली, नाही मामा, उठा आता, गुरुजी थांबलेत. एवढेच झाले. वेळ लागला तो उठायला नव्हे, विचारायला लागला.

आता आपला सल्ला हवा आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा ठाण्याला वकील आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी त्याच्याकडे जाणार आहे. पाय धरले तर तो आधी मागे सरकेल आणि मग कारण विचारील, आणि वकील असल्यामुळे पहिल्या कारणावर थांबणार नाही. त्याला काय सांगावे, ते आदल्या शनिवारच्या आत पोचेल अशा बेताने कळवावे.

आपला
त्र्यंबक